मुलाला एनडीएत जायचंय आणि आजीने पवित्र शास्त्र उघडलंय

भिंगारकर

धागा काढू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. काढतोच.

आम्ही नगरचे (कागदोपत्री आता अहिल्यानगर, जिभेवर नगरच). चार पिढ्यांचे ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. घर छावणीच्या कडेला, त्यामुळे लहानपणापासून कानावर बिगुल आणि चर्चची घंटा दोन्ही. वडील फौजेत ड्रायव्हर होते, आता नाहीत. थोरला बारावीला आहे. गेल्या रविवारी उपासनेहून आल्यावर जेवताना त्याने जाहीर केलं की एनडीएचा (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा) फॉर्म भरतोय.

मला आनंद झाला. बायको गप्प. आई मात्र उठली आणि पवित्र शास्त्र घेऊन आली. मत्तय ५ काढून नातवापुढे ठेवलं. "वैऱ्यावर प्रीती करायची आणि त्याच्यावर नेमही धरायचा. मला सांग, दोन्ही कसं करणार?" पोरगं हुशार, पण त्याचा घास तसाच राहिला.

आई फौजीची बायको आहे. १९७१ साली महिनोन्‌महिने पत्र न आलेलं तिने पाहिलंय. तेव्हा 'आजी घाबरली असेल' असं लिहू नका, ती घाबरणारी नाही.

फौजेत राहून आलेले ख्रिस्ती लोक इथे असतील तर सांगा, तुम्ही हे कसं जुळवलंत? बाकीच्यांचंही ऐकायचं आहे. धर्मांतर, मिशनरी वगैरे विषय ज्यांना काढायचेत त्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

अभ्यासू_आळशी

आजींना नमस्कार. प्रश्न दोन हजार वर्षांचा आहे.

आधी दहा आज्ञा. इंग्रजीत लोक 'किल' वाचतात आणि वाद घालतात. आपल्या मराठी बायबलमध्ये शब्द 'खून' आहे, आणि मूळ हिब्रू 'रात्साह'च्या तो जास्त जवळ जातो. युद्धात मारण्यासाठी जुन्या करारात बहुतेक वेळा वेगळे शब्द येतात. पण यावर फार विसंबू नका, कारण आजींनी दहा आज्ञा काढलेल्याच नाहीत. त्यांनी मत्तय ५ मधलं डोंगरावरचं प्रवचन काढलंय आणि तिथे शब्दकोश कामाला येत नाही.

दुसरी बाजू लूक ३. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई येऊन विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, कोणाला लुबाडू नका, खोटा आळ घेऊ नका, पगारात समाधानी राहा. नोकरी सोडा म्हणत नाही. कफर्णहूमचा शताधिपती (शंभर शिपायांवरचा रोमन अंमलदार) येशूकडे येतो, येशू त्याच्या विश्वासाचं कौतुक करतो, हुद्द्याबद्दल अक्षर नाही. प्रेषितांची कृत्ये १० मधला कर्नेल्यही शताधिपतीच. आता या न बोलण्याला संमती म्हणायचं का, यावर दोन्ही बाजूंनी ग्रंथ पडलेत.

इ.स. २९५ मध्ये आजच्या अल्जीरियात तेबेसाला मॅक्सिमिलियन नावाचा २१ वर्षांचा मुलगा रोमन फौजेच्या भरतीला उभा केला गेला. बाप स्वतः जुना सैनिक. मुलगा म्हणाला, मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी करता येत नाही. अधिकाऱ्याने त्याला काय उत्तर द्यावं? की बादशहाच्या खास पथकात ख्रिस्ती शिपाई आहेत आणि ते चाकरी करतात! पोरगं म्हणालं, त्यांचं त्यांना ठाऊक. शिरच्छेद झाला. म्हणजे त्याच वर्षी, त्याच साम्राज्यात एक ख्रिस्ती नकार देऊन मेला आणि दुसरा बादशहाच्या पहाऱ्यावर उभा होता.

तिरपागडे

आणि मग बादशहाच ख्रिस्ती झाला, तेव्हा तलवार पवित्र झाली. इतकी सोपी गोष्ट आहे.

अभ्यासू_आळशी

@तिरपागडे, बोचरं आहे, पण अगदीच खोटं नाही. त्या बादशहानंतर, म्हणजे कॉन्स्टंटाइननंतर, शंभर वर्षांच्या आसपास उलटा कायदा आला: ख्रिस्ती नसलेल्याला सरकारी सेवेत जागा नाही. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने आफ्रिकेतल्या बोनिफेस या सेनापतीला पत्र लिहिलं, त्याचा गाभा असा की लढाई शांततेसाठी करावी लागते, लढाईसाठी शांतता नसते. 'न्याय्य युद्ध' म्हणून पुढे जे उभं राहिलं त्याच्या पायात हे पत्र आहे.

पण एक गोष्ट दोघेही विसरतोय. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची फौजेबद्दलची तक्रार फक्त रक्ताची नव्हती. २११ च्या सुमारास एका शिपायाने बक्षिसाच्या वेळी डोक्यावर पानांचा मुकुट घालायला नकार दिला, कारण तो देवतांचा मान होता. त्या काळचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन, त्याने त्यावर अख्खी पुस्तिका लिहिली. २९८ मध्ये टँजियरला मार्सेलस नावाच्या शताधिपतीने बादशहाच्या वाढदिवशी, सगळ्यांसमोर, कमरेचा पट्टा काढून फेकला. वर्षानुवर्षं हाताखाली शिपाई घेऊन राहिलेला माणूस, त्याला नडलं ते त्या दिवसाचं बळी अर्पण.

खडकी_बाजार

अवांतर: कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जा कधी. १८५८ चं आहे. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. १८५७ ला मेरठचा उठाव रविवारी झाला, त्यानंतर गोरे शिपाई उपासनेलाही हत्यार घेऊन बसायचे. वैऱ्यावर प्रीतीचा धडा त्या बाकावर बसून ऐकायचा.

सुभेदार_रिटायर

भिंगारकर, तुमचा प्रश्न चुकीच्या दारात उभा आहे. राग मानू नका.

मी जालन्याकडचा, प्रॉटेस्टंट, २८ वर्षं नोकरी. पलटणीचं नाव लिहीत नाही. २८ वर्षांत "तू मारशील का?" असं मला कोणी विचारलं नाही. ते कसम परेडला एकदाच ठरतं. समोर गीता, गुरू ग्रंथ साहिब, कुराण, बायबल. ज्याचा त्याने हात ठेवायचा. आमच्या तुकडीत बायबलवर हात ठेवणारे तीन होतो. त्यानंतर तो प्रश्न झोपेत येतो, परेडवर येत नाही.

परेडवर येते ती घंटा. मंदिर परेड. आठवड्याला एकदा अख्खी कंपनी, अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यांत. पंडितजी म्हणजे धर्मगुरूच्या कामाचे जेसीओ (जवान आणि अफसर यांच्या मधला हुद्दा), आरती, प्रसाद. शिवाय दसऱ्याला शस्त्रपूजा. नवीन पोराला पहिल्या आठवड्यात कळतं की खरी परीक्षा फायरिंग रेंजवर नसून इथे आहे.

मी काय केलं? गेलो. चपला काढल्या, डोकं झाकलं, हात जोडून उभा राहिलो आणि मनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं. टिळा लावायला आले तर मान थोडी मागे घ्यायचो, पंडितजी समजूतदार, हसून पुढच्याकडे जायचे. प्रसाद पहिली काही वर्षं घेऊन शेजारच्याच्या हातात द्यायचो. तो गढवाली, त्याला डबल मिळायचा, तो खूश. एकदा बर्फात पोस्टवर होतो, वर हेलिकॉप्टर नाही, शिधा मोजका. त्याने स्वतःचा प्रसाद माझ्या तोंडात घातला. खाल्ला. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ८ मला पाठ आहे, मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दलचा. त्या दिवशी तो अध्याय आठवलाच नाही, हे खरं सांगतो.

सियाचीनला जाणाऱ्या पार्ट्या ओपी बाबाच्या (तिथला राखणदार मानला जाणारा जवान) ठाण्यावर रिपोर्ट देतात. जाताना आणि आल्यावर. हिंदू, शीख, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे. मी पण दिला. श्रद्धा होती म्हणून नाही. माझ्या मागचे अकरा जण बघत होते म्हणून.

गोळीबद्दल आजींना सांगा, चालवली आहे. लागली का ते माहीत नाही. माहीत नाही हे बरं आहे की वाईट, हेही माहीत नाही.

वसईची_सून

सुभेदारसाहेब, सलाम.

आम्ही कॅथलिक, आम्हाला हे तितकं जड जात नाही. आमच्याकडे मूर्ती आहेत, धूप आहे, मिरवणूक आहे. माझे दीर नौदलात होते. जहाजाच्या पूजेला नारळ फुटायचा तेव्हा ते पुढे, आणि नाताळला मिस्सा असली की अर्धी मेस मागे येऊन उभी. आपल्यातले लोक पार वर पोचलेत: जनरल रॉड्रिग्ज १९९० ते ९३ लष्करप्रमुख होते, परमवीर चक्र मिळवलेला अल्बर्ट एक्का झारखंडचा आदिवासी ख्रिस्ती. हे विश्वास बाजूला ठेवून झालं असं मला वाटत नाही.

भिंगारकर

सुभेदारसाहेब, राग कसला. तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तुझ्या बापाने हे मला कधी सांगितलं नाही." मग खरी गोष्ट बाहेर आली. गेल्या नोव्हेंबरात तिने पेपरात, मंदिराच्या गाभाऱ्यात जायला नकार दिला म्हणून बडतर्फ झालेल्या त्या ख्रिस्ती लेफ्टनंटची बातमी वाचली होती. कात्रण शास्त्रातच ठेवलंय, दानीएलाच्या पुस्तकात. म्हणजे मत्तय ५ हे निमित्त होतं. तिला भीती आहे ती नातवाला गुडघे टेकायला लावतील याची.

त्या प्रकरणाबद्दल कोणी नीट सांगेल का? व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजूंचा धुरळा आहे.

कायद्याचा_किडा

थोडक्यात सांगतो, भावना वगळून.

लेफ्टनंट कमलेसन, २०१७ चं कमिशन, थर्ड कॅव्हलरी, म्हणजे रणगाड्यांची रेजिमेंट. त्यांच्याकडे शीख स्क्वाड्रनमधली तुकडी. रेजिमेंटमध्ये मंदिर आणि गुरुद्वारा होता, सर्व धर्म स्थळ नव्हतं, चर्च नव्हतं. हे गृहस्थ जवानांबरोबर परेडला जायचे, बूट काढायचे, पगडी बांधायचे, अंगणात उभे राहायचे. एवढंच मागत होते की पूजा, आरती चालू असताना सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात यायला लावू नका. वरिष्ठांचं म्हणणं, तुम्ही तुकडीचे नायक आहात, जवान आत आणि तुम्ही बाहेर, यातून फट पडते. बरंच समजावलं, पाद्रींशीही बोलणं करून दिलं, असं लष्कराने सांगितलं. मार्च २०२१ मध्ये बडतर्फ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटीशिवाय. ३० मे २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि २५ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला.

उच्च न्यायालयाचा मुद्दा: हा प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा कमी आणि वरिष्ठाचा कायदेशीर हुकूम पाळण्याचा जास्त आहे. घटनेच्या कलम ३३ प्रमाणे सैन्यातल्या माणसाचे मूलभूत हक्क संसद आखडू शकते. सर्वोच्च न्यायालयात असंही विचारलं गेलं की तुमच्याच पाद्रींनी हरकत नाही म्हटलंय, मग अडतंय कुठे?

तुलनेसाठी १९८६ चं बिजो इमॅन्युएल प्रकरण बघा. केरळमधली यहोवाज विटनेस पंथाची तीन भावंडं. राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. उभं राहणं पुरेसं आहे, तोंड उघडायची सक्ती नाही. फरक एकच, ती शाळा होती.

तिरपागडे

मी धार्मिक नाही, तरी निकालाच्या बाजूने आहे. आपल्याकडे सक्तीची भरती नाही. स्वतः सही करून गेलास. तुझ्या मागे रणगाड्यात बसणाऱ्या सरदाराला तू आतला वाटला पाहिजेस. त्याचा देव तुला चालत नाही, हे त्याला लढाईच्या आदल्या रात्री आठवायला नको.

सुभेदार_रिटायर

@तिरपागडे, मी स्वतः आत गेलोय, तरी तुमच्याशी अर्धाच सहमत.

माझ्या मागचा जवान मी टिळा लावला का हे बघत नव्हता. मी रजा वेळेवर देतो का, त्याच्या घरी बायको आजारी असताना मी काय केलं, पहिल्या गाडीत मी बसतो की त्याला बसवतो, हे बघत होता. अंगणात पगडी बांधून उभ्या साहेबाला शीख जवान परका समजेल असं मला वाटत नाही. त्यांच्या धर्मात तर लंगरच सगळ्यांना आहे.

पण हेही खरं, की अंगणातला साहेब एक असला तर चालतं. उद्या दहा जणांनी दहा रेघा मारल्या तर सीओने (कमांडिंग ऑफिसरने) काय करायचं? मी सीओ असतो तर त्या पोराची दुसरीकडे पोस्टिंग मागितली असती. सिग्नल्समध्ये किंवा तोफखान्याच्या काही रेजिमेंटमध्ये सगळ्या जातीधर्मांची सरमिसळ असते, सर्व धर्म स्थळ असतं, तिथे हा काटा बोचत नाही. बडतर्फी मला जड वाटली. पेन्शनशिवाय तर फारच.

अभ्यासू_आळशी

मला खटकलं ते पाद्रींचं. 'तुझ्या पाद्रींना चालतं मग तुला का नाही' हा युक्तिवाद प्रॉटेस्टंट माणसापुढे टिकत नाही. आमचा अख्खा पंथच पाद्रींना चालतं ते आपल्याला का चालत नाही, या भांडणातून जन्मला.

जय_दुर्गा

नाव पाहून दचकू नका. नागा रेजिमेंटची युद्धघोषणा 'जय दुर्गा नागा' आहे. त्यातले नागा जवान बहुतेक ख्रिस्ती, बरेचसे बाप्टिस्ट, म्हणजे मूर्तीच्या बाबतीत नगरवाल्यांपेक्षा कडक. रविवारी चर्चला जातात आणि लढताना दुर्गेचा जयजयकार करतात. त्यांच्याबरोबर दोन वर्षं होतो. एकाला विचारलं, तुला काही वाटत नाही? म्हणाला, "सर, वो रेजिमेंट का नाम है." त्याच्यासाठी तो विषय तिथे संपला.

भिंगारकर

हे आईला सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. म्हणे, वडिलांच्या चुलत भावाची घोषणा काय होती विचार. तो महार रेजिमेंटमध्ये होता. 'बोलो हिंदुस्थान की जय'. त्यात कोणाचाच देव नाही. १९४१ ची रेजिमेंट. आमच्या भागातली कितीतरी ख्रिस्ती घरं त्याच महारवाड्यांतून आलेली, त्यामुळे आत जायचं की बाहेर थांबायचं हा प्रश्न आमच्या पूर्वजांनी फार वेगळ्या अर्थाने ऐकलेला. त्यांना आत येऊच देत नव्हते. आता नातवाला आत ये म्हणतायत आणि आजी म्हणते जाऊ नको. हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय.

एमएचवाली

तुमच्यात कोणी बाईमाणूस फौजेतलं दिसत नाही, म्हणून लिहिते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते, कमिशन्ड. माझ्या बॅचला अर्ध्याहून जास्त मुली ख्रिस्ती, बहुतेक केरळच्या. मंदिर परेडचा ताप आम्हाला कमी, वॉर्डला सुट्टी नसते.

डेस्मंड डॉसचं नाव कोणी कसं काढलं नाही? अमेरिकन, सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट. आपल्या पुण्यात औंधला स्पायसर कॉलेज आहे ना, त्याच पंथाचा. फौजेत गेला पण बंदूक हातात घेणार नाही म्हणाला. सोबत्यांनी छळलं, वरिष्ठांनी काढायचा प्रयत्न केला. १९४५ मध्ये ओकिनावाच्या कड्यावरून त्याने एकट्याने सुमारे ७५ जखमी दोराने खाली सोडले. शेवटी फौजेला त्याला सर्वोच्च शौर्यपदक द्यावं लागलं.

पण पुढचंही लिहिते. आम्ही बरा केलेला जवान परत पोस्टवर जातो आणि गोळी चालवतो. माझे हात स्वच्छ आणि त्याचे नाहीत, असं मी कधी मानू शकले नाही. मुलाला बंदुकीची अडचण असेल तर एएफएमसीचा (फौजेच्या मेडिकल कॉलेजचा) विचार करा, जरूर करा. फक्त ती पळवाट आहे असं समजून करू नका.

अभ्यासू_आळशी

काल रात्री झोपताना आठवलं आणि स्वतःवर चिडलो. इतके दिवस तर्तुलियन काढतोय आणि सगळ्यात जवळचा माणूस बायबलमध्येच आहे. २ राजे, अध्याय ५. नामान.

अरामाचा सेनापती, कुष्ठरोगी. अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देनेत सात बुड्या मारतो आणि बरा होतो. म्हणतो, आता इस्राएलाच्या देवाखेरीज कोणाला होमबली देणार नाही. दोन खेचरांचं ओझं होईल इतकी तिथली माती मागून घेतो. आणि मग अडखळत विचारतो: माझा राजा रिम्मोनाच्या देवळात पूजेला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं. तेवढ्याची मला क्षमा होईल ना?

सैनिक, वरिष्ठ, देऊळ, वाकणं. सगळं तिथेच आहे. अलीशा त्याला म्हणतो, शांतीने जा.

वसईची_सून

अंगावर काटा आला.

कायद्याचा_किडा

दुसऱ्या बाजूचा वकील म्हणून: दानीएल ३. शद्रख, मेशख, अबेद्नगो. तेही सरकारी नोकर होते. वाद्यं वाजली, सगळा बाबेल राजाच्या मूर्तीपुढे वाकला, ते उभे राहिले आणि भट्टीत गेले. आजींनी कात्रण दानीएलात उगाच ठेवलेलं नाही.

भिंगारकर

काल रात्री जेवणानंतर दोन्ही अध्याय वाचले. आधी दानीएल, मग राजे. पोराने वाचले, आई ऐकत होती, चष्मा काढून.

नामानाचं संपल्यावर मी म्हणालो, बघ आई, संदेष्ट्याने परवानगी दिली. ती म्हणाली, "कुठे दिली? 'शांतीने जा' म्हणाला. वाक म्हणाला नाही आणि वाकू नको असंही म्हणाला नाही. त्याचं त्याच्यावर टाकलं." मग नातवाकडे वळून, "आणि त्याने आधी विचारलं, हे ध्यानात ठेव. गुपचूप वाकून मग येऊन सांगितलं नाही."

पोराने विचारलं, आजी, मी काय करू? तर म्हणे, "आधी पास तर हो."

कात्रण अजून दानीएलातच आहे. फॉर्म भरलाय. सुभेदारसाहेब, तोफखाना आणि सिग्नल्सबद्दल तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, सवडीने बघा. आणि गणिताचा पेपर ३०० मार्कांचा आहे, गणित कच्चं आहे. नगरमध्ये कोणाकडे जुन्या प्रश्नपत्रिका असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन.